कानात सांगायचं नाव

आमचे बाबा शिंपी. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दाराशी बाबांचं मशीन, आतल्या भिंतीला टेकून आई. काज-बटणं आणि हातशिलाई तिची. बाबांच्या डोक्यावर शंकराची तसबीर, आईच्या डोक्यावर कृष्णाची. चाळीस वर्षं दोन देव समोरासमोर, आणि खाली ही दोघं भांडतायत!

भांडणं तरी कसली? "तुमच्या देवाच्या अंगावर धड कपडा नाही, आणि तुम्ही म्हणे शिंपी," आई म्हणायची. "तुझ्या देवानं तर लोकांचे कपडे पळवले. सांगू का गिऱ्हाइकांना?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. मग दोघंही हसायची. मला मेलीला मध्ये बोलायची सोय नव्हती.

पण देव बदलायचा विषय कुणी काढला नाही. आईची पक्की समजूत होती, जीव जाताना ज्या देवाचं नाव कानावर पडतं, जीव त्याच्याच घरी जातो. म्हणून त्यांच्यात ठरलं होतं, जो आधी जाईल त्याच्या कानात दुसऱ्यानं त्याच्या देवाचं नाव सांगायचं.

"म्हणजे एक वैकुंठात, एक कैलासावर. मग भेटणार कधी?" मी एकदा बोलून गेले. आई खाली मान घालून काज करायला लागली. बाबा उगाच मशीनला तेल घालत बसले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे आईचं हृदय थकलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, आता घरी न्या. बाबांनी दुकान बंद केलं आणि स्वयंपाकघरात उभं राहून "कृष्ण, कृष्ण" असं घोकायला लागले.

"एवढं काय पाठ करायचंय त्यात?" मी वैतागून म्हटलं.

"अगं, जन्मभर तोंडात एकच नाव आहे. ऐन वेळी जीभ घसरली तर? तिनं माझ्याकडे एवढं एकच मागितलंय."

आणि नेमकं तेच झालं. एका दुपारी आईला धाप लागली. बाबा धावत आले, उशाशी बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "शिव, शिव, शिव..."

"बाबा!" मी किंचाळलेच.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावर हात मारून घेतला. "घात केला गं मी तुझा," म्हणाले. कृष्णाचं नाव घ्यायला गेले तर हुंदकाच आला.

आईनं डोळे उघडले. हसत होती हो ती!

"राहू द्या. तेच म्हणा," ती म्हणाली.

"अगं, पण तुझा कृष्ण?"

"तो मला कुठूनही शोधून काढेल." एकेक शब्दाला ती थांबत होती. "तुम्हाला समोर ठेवलेला चष्मा सापडत नाही. वैकुंठात मला काय शोधणार तुम्ही? मी तिकडेच जाऊन बसते. तुम्ही आपले सरळ घरी या."

बाबांनी तिचा हात धरला आणि रडत रडत आपल्या देवाचं नाव घेत राहिले. ती ऐकत होती. चारच्या सुमाराला तिचा हात सैल पडला.

मला वाटलं, आता बाबा कोसळणार. पण त्यांनी तिच्या कपाळावरचे केस हलकेच मागे सारले. मग मला म्हणाले, "चाळीस वर्षं मी त्याची चेष्टा केली गं. आणि त्यानं आपलं माणूस माझ्या हवाली केलं."