ढिगावरची ताडपत्री आम्ही सहलीला नेली

औसा-निलंग्याकडच्यांनो, तुमच्याकडं आभाळ कसंय?

आज रविवार, वर ऑक्टोबरचं कडक ऊन. तिकडंच सासरी गावाकडं मुक्कामाला होतो, तिथून निघून लेकरांना औशाचा किल्ला दाखवायला नेलं. झाडाखाली ताडपत्री अंथरली, धपाट्यांचा डबा उघडला, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"सूनबाई, आभाळ लई भरून आलंय. सोयाबीनच्या ढिगावर टाकायची ताडपत्री कुठं हाय?"

आम्ही तिच्यावरच बसलो होतो! "बसायला होईल" म्हणून नवऱ्यानं सकाळी ती गाडीत टाकलेली.

जेवण तसंच गुंडाळून शेत गाठलं. ढिगावर सासूबाईंच्या साड्या अंथरलेल्या आणि वाऱ्यात त्यांच्या कडा धरून सासरे उभे.

पाऊस आलाच नाही. सासऱ्यांनी साड्यांच्या घड्या घातल्या आणि "लेकरं जेवली का?" एवढंच विचारलं.

आता लातूरला घरी आलेय. ऊन आहे, ढीगही झाकलेला आहे. तरी दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाऊन आभाळ बघतेय. रागावले असते तर बरं झालं असतं हो.