काकांच्या रिकाम्या मेल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर आमच्या गावच्या वाचनालयातल्या शिपाई काकांचे. त्यांना आपलं नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून नुसतं काका.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. गावातच, अल्लीपूरला बारावी झालो, तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत काका उभे होते. ऐन वेळी कळलं, एक दाखला घरीच राहिला. "तू रांग सोडू नोको," एवढंच म्हणून ते एसटीने गावी गेले आणि खिडकी बंद व्हायच्या आत दाखला घेऊन परत आले.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. वाचनालयात तेव्हा नवा संगणक आला होता. काकांकडे साधा बटणांचा फोन, म्हणून मी त्यांना मेलचं खातं उघडून दिलं. बस गाठायची होती. घाईघाईत एका कागदावर तीन ओळी लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवल्या : वर माझा पत्ता टाका. त्याच्या खालच्या चौकटीत पत्र लिहा. मग पाठवा.

पत्त्याच्या लगेच खाली विषयाची चौकट असते आणि पत्र तिच्याही खाली लिहायचं असतं, हे त्या कागदावर नव्हतं. काका अक्षरशः कागदाप्रमाणे वागले. दर शनिवारी त्यांचं अख्खं पत्र विषयाच्या चौकटीत यायचं. खालची मोठी जागा कोरी.

पहिल्याच शनिवारी माझ्या हे लक्षात आलं. मी हसलो. मोठ्या माणसाची चूक कशी दाखवायची म्हणून बोललो नाही, आणि नंतर ते राहूनच गेलं. मेलच्या यादीत त्यांचे पहिले पाच-सहा शब्द दिसायचे. ‘पंखा दुरुस्त झाला, तुझी आई बाजारात...’ तेवढ्यावरून सगळं ठीक आहे असं समजून मी पुढे जायचो. निवांत उघडून वाचू, असं म्हणायचो.

कंपनीची साधनं कशी वापरायची, त्याच्या सूचना मी लिहितो. सध्या आमच्याकडे एक साधन तयार होतंय. माणसाच्या वतीने संगणकावरची कामं करणारे जे एआय एजंट असतात, त्यांनी ते वापरायचं. एक अट दिली की तिच्यात बसणाऱ्या सगळ्या मेल एका झटक्यात पुसल्या जातात. एजंटला आपली माणसं माहीत नसतात. सूचनेत लिहिलंय तेवढंच त्याला कळतं. त्या सूचनेत मी उदाहरण म्हणून लिहिलं : ‘ज्या मेलमध्ये मजकूर नाही त्या रिकाम्या समजाव्यात आणि कायमच्या काढून टाकाव्यात.’ हे नीट चालतं का, ते पाहायला माझंच खातं एजंटच्या हवाली केलं. काम झाल्याचं त्याने लगेच कळवलं. मी खूश होऊन चहाला गेलो.

शनिवारी काकांची मेल आली. ‘तू मागच्या मेलचं उत्तर...’ मागची कुठली, म्हणून शोधायला गेलो, तर काकांच्या नावावर ती एकच मेल. बाकी सगळी वर्षं गेली होती. कचऱ्याच्या पेटीतही काही नव्हतं, कारण ‘कायमच्या’ हा शब्द मीच लिहिला होता.

एक आशा होती. मी फोन लावला.

"काऊन रे बाबू, आज सूर्य कुठून उगवला? कोनाचं लगन हाये का?"

"नाही काका, सहज. तुम्ही पाठवलेल्या मेल तिकडे तुमच्या खात्यात राहतात ना?"

"छ्या! पाठवलं का मी पुसून टाकतो. सार्वजनिक कंप्युटर हाये, कोनीबी वाचून राह्यलं तर? तुले भेटते नं सगळ्या?"

"हो काका, मिळतात."

"मंग झालं."

फोन ठेवला. मेल पुसल्या गेल्या ती चूक होती, आणि आता त्यावर हे खोटंही बोललो होतो.

सोमवारी सूचनेत बदल केला : विषयात काही लिहिलेलं असेल तर ती मेल रिकामी समजू नये. आधी यादी दाखवावी. माणसाने हो म्हटल्याशिवाय काहीही पुसू नये. आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "अरे, विषयात पत्र कोण लिहितं?"

"लिहितात, मॅडम," मी म्हणालो. त्यांनी ते तसंच ठेवलं.

मग काकांना पत्र लिहिलं, कागदावर, आणि पोस्टाने पाठवलं.

आदरणीय काका,

सविनय जय भीम.

फोनवर मी खोटं बोललो. तुमच्या मेल माझ्याकडे नाहीत. माझ्या कामात मी एक चुकीचं वाक्य लिहिलं आणि त्यात त्या सगळ्या गेल्या. त्या परत मिळणार नाहीत. त्यातल्या बहुतेक मी उघडल्याही नव्हत्या. पहिले पाच-सहा शब्द वाचून सोडून द्यायचो. पंखा दुरुस्त झाला हे मला माहीत आहे. आई बाजारात भेटली तेव्हा काय म्हणाली, ते माहीत नाही.

दुसरं, पत्र लिहायची चौकट आणखी खाली आहे, ती मोठी. पडद्यावरचा कागद मीच अर्धवट लिहिला होता. तुमचं काही चुकलेलं नाही. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तरी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येतो. त्या मेलमधलं जे आठवेल ते सांगा, मी लिहून घेईन. आठवणार नाही तेही खूप असेल, हे मला कळतं.

रागवायचं असेल तर शनिवारची वाट पाहू नका. कुठल्याही चौकटीत लिहा, मी शेवटपर्यंत वाचीन.

तुमचा बाबू