भिंतीवरचं नाव

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तेव्हा शनिवारची सुट्टी नवीनच सुरू झाली होती आणि तिचं करायचं काय, हे आम्हा चौघा मित्रांना कळत नसे. सिंहगड दोनदा झाला. मग अमरावतीहून आलेला एक जण म्हणाला, "चला बे, या वेळी कॅम्पातलं युद्धस्मारक पाहू." मला तिथे जायचं नव्हतं आणि जायचंही होतं.

माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले, तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. पुढे सरकारी पत्र आलं, मृत समजावे. आईने पेन्शन घेतली, पत्र मात्र मानलं नाही. ती कुंकू लावत राहिली. पेठेतल्या बायका शहाण्या. कोणी अवाक्षर काढलं नाही, दर संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येत राहिलं. आगाऊपणा काय तो मी केला. कॉलेजात गेल्यापासून तिच्याशी वाद घालायचो, किती दिवस स्वतःला फसवणार आहेस? ती म्हणायची, "कुठे त्यांचं नाव कोरलेलं दाखव, मग पुसते."

स्मारकात छान ऊन पडलं होतं. मित्र रणगाड्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी नावांच्या भिंतीवरून बोट फिरवत गेलो आणि सापडलं. हुद्दा, नाव, आडनाव, सगळं बरोबर. इतकी वर्षं माझंच खरं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. रडूच आलं.

"काय झालं बे? ओळखीचं आहे का कोणी?"

"वडील आहेत."

त्याने बूट काढले. मग बाकीच्या दोघांनीही काढले. परतताना गाडीत कोणी गाणी लावली नाहीत.

घरी आई मेथी निवडत बसली होती. "कुठे उंडारून आलास?"

"स्मारक पाहायला गेलो होतो."

तिचे हात थांबले. "नाव आहे का रे त्यांचं?"

वाद जिंकायला मला एवढंच तर हवं होतं. मी म्हणालो, "नाही. सगळी भिंत पाहिली."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "खोटं बोलताना अगदी त्यांच्यासारखा दिसतोस. निघताना तेही असंच तोंड करून म्हणाले होते, महिन्याभरात येतो."