हालू नगं

हरणाबाईचं माहेरचं नाव होन्नव्वा. अथणीच्या पलीकडचं कुठलंसं कानडी खेडं, तिथली ही पोर. लग्न होऊन तासगावजवळच्या गावात आली, तेव्हा सासू बनुबाईनं पहिल्याच दिवशी निकाल लावला, "असलं तोंड वाकडं करायला लावनारं नाव आमाला जमायचं न्हाई." झालं, होन्नव्वाची हरणा झाली. नवऱ्याला, केरबाला, कुणी विचारलंसुद्धा नाही. तो आईपुढं नंदीबैल.

लग्नाला आठवडा झाला असेल नसेल. सोप्यात पाहुणे बसलेले. सुनेनं चहा टाकला, गूळ घातला, पावडर घातली, आणि दूध काही सापडेना. कानडीत दुधाला म्हणतात हालु. पोरीनं दारातून डोकं काढून भीत भीत विचारलं, "आत्याबाय, हालु?"

"हाल की!" बनुबाई कडाडली. "कुनी बांधून ठेवलीया तुला?"

पाहुणे पोट धरून हसले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर. मग काय विचारता! पुढं वर्षभर पाणवठ्यावर बायका डोळे मिचकावून म्हणायच्या, "काय गं हालू, आज हाललीस का न्हाई?" हसण्यावारी नेणारी एखादी असती तर गोष्ट वेगळी. हिच्या ते काळजात रुतलं. चुलीपुढं डोळे पुसता पुसता हिनं मनाशी गाठ मारली, की ह्या घरात पुन्हा कानडीचा शब्द काढायचा नाही.

आणि बाई कसली जिद्दीची! मराठी अशी शिकली की सासूच्या तोंडचे शब्द सासूलाच परत करायची. लग्नघरी हळद दळायला बसलं की ओवी उचलायला हिचाच गळा लागे. नव्यानं गावात आलेल्या सुनांना तर ती मूळची कुठली हे माहीतही नव्हतं. ते माहीत नाही याचंच तिला लय अप्रूप. उशिरा लेक झाली, लीला, तिच्या कानावरही हिनं आपली भाषा पडू दिली नाही. माणसाला एकदा हसल्याचं केवढं भ्या बसावं, तेच बघा.

बाहत्तरच्या दुष्काळात तिच्या माहेरची विहीर आटली. आई एकटीच, म्हातारी निंगव्वा. केरबा तेव्हा सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली करायचा. तो स्वतः जाऊन सासूला घेऊन आला. तोवर बनुबाई वारलेली. म्हणजे घरात आता हसणारं कुणी उरलं नव्हतं, पण गल्ली होती ना! निंगव्वा दारात उतरली, "होन्नव्वा!" म्हणून हंबरडा फोडला आणि कानडीत भडाभडा बोलायला लागली. शेजारणी माना उंचावून बघत होत्या. हरणाबाईनं पदर सावरला आणि मराठीत म्हणाली, "ये आये. बस. पानी पी."

म्हातारी लेकीच्या तोंडाकडं बघतच राहिली.

सुरुवातीला मागच्या गोठ्यात, कुणी नसताना, दोघी चार शब्द बोलायच्या. पण वीस वर्षं न उघडलेलं कुलूप ते, हरणाबाईची जीभ अडायची, मधेच मराठी घुसायचं, तिची तिलाच लाज वाटायची. हळूहळू तेही थांबलं. "मराठी शिक की गं, आये," असं ती आईला मराठीतच सांगायची. म्हातारी शिकली. एकच शब्द शिकली. "बरं." जेव म्हटलं, बरं. झोप म्हटलं, बरं. नातीला जवळ बोलवायची मात्र कानडीत, "बा, बा." लीला खिदळायची, "आये, आज्जी मला बा म्हनती!"

एक माणूस होता म्हातारीशी बोलणारा. चांदसाहेब मणेर. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडायचा. घरात त्याची दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि अथणीच्या बाजारामुळं कानडी पाण्यासारखी. तो आला की म्हातारी उंबऱ्यात येऊन बसायची, नि दोघांच्या गप्पा अशा रंगायच्या की निंगव्वाच्या तोंडात दात नाहीत हे त्या हसण्यातच कळायचं. हरणाबाईला ते खुपायचं. एकदा तिनं त्याला स्पष्टच सांगितलं, "चांदभाई, दारात बसून कानडी नगा बोलत जाऊ. लोकं बघत्यात."

"आवं वैनी, भाषा काय खायाला मागती व्हय?" तो म्हणाला. पण मानी माणूस. पुढं बांगड्या भरल्या की पेटी उचलून चालू पडायचा. म्हातारी उंबऱ्यात बसायची, ती तशीच उठून आत जायची. विचारलं, "काय गं आये, बरं वाटत न्हाई का?" तर म्हणायची, "बरं."

तीनेक वर्षांनी म्हातारी न्हाणीच्या दगडावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तासगावचे डॉक्टर म्हणाले, ह्या वयात हाड जुळायचं कठीण, निदान हालू तरी देऊ नका. मग तिची वाकळ माजघरात शिंक्याखाली टाकली. ती दिवसेंदिवस खंगत गेली.

एके दिवशी औषध संपलं, ते सांगलीलाच मिळायचं. हरणाबाईनं सकाळची एस.टी. धरायची ठरवलं. निघताना लीलाला बजावलं, "आज्जीपाशी बस. हालू देऊ नगंस. काय वाट्टेल ते हू दे, हालू देऊ नगंस."

म्हातारीनं डोळे उघडले. किती दिवसांनी तिच्या तोंडावर उजेड आला. हरणाबाईनं ते बघितलं, औषध येणार म्हणून असेल असं तिला वाटलं, आणि एस.टी. चुकेल म्हणून ती पळाली.

परतली तेव्हा दारात माणसं जमलेली होती. निंगव्वा गेली होती.

लीला गळ्यात पडून हुंदके देत सांगायला लागली, "आये, मी न्हाई हालू दिली गं तिला. सारखी इचारत हुती, हालू? हालू? वर हात करायची. मी हात धरून ठिवला. म्हनलं, आज्जी, हालू नगं. तर म्हनली, बरं. मग निजली ती."

हरणाबाईनं वर बघितलं. शिंक्यात सकाळचं दूध होतं, भांडं भरून, साय धरलेलं.

ते दूध पोटात गेलं असतं म्हणून म्हातारी जगली नसती. पण शेवटचं मागणं, तेही आपल्याच लेकीनं जाता जाता बोललेला शब्द ऐकून! एवढ्या दिवसांनी लेक आपणहून कानडी बोलली, हालु म्हणाली, असंच तिला वाटलं असणार. हरणाबाई रडली नाही. तिला रडताही येईना.

बारावं झाल्यावर चांदसाहेब आला. पेटी नव्हती आणली. सोप्यात टेकला. लीलानं त्यालाही तेच सांगितलं, शहाण्या पोरीसारखं, की आज्जी हालू, हालू म्हणत होती, पण मी शेवटपर्यंत हालू दिली नाही. चांदसाहेबाला त्या शब्दाचा अर्थ लगेच उमगला. त्यानं लीलाकडं बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"हेळब्याड्री!" हरणाबाई ओरडली. "हेळब्याड्री, चांदभाई!"

सांगू नका. दारात शेजारणी उभ्या होत्या, त्यांच्या देखत, मोठ्यानं, अस्सल कानडीत. जीभ अडली नाही, मधे मराठी घुसलं नाही. चांदसाहेबानं मान खाली घातली. पोरीला कधी कळता कामा नये, एवढ्यासाठी आईची भाषा तिच्या तोंडी आली. ज्या शब्दापायी तिनं ती भाषा लपवली, तो शब्द आता तिला लेकीला कधीच शिकवता येणार नव्हता.

"काय म्हनलीस गं आये?" लीलानं विचारलं.

"काय न्हाई. च्या घेनार का, म्हनलं."

लीला उठून चुलीपाशी गेली. पाणी ठेवलं, गूळ घातला, पावडर घातली. मग दारातून डोकं काढून तिनं विचारलं, "आये, दूध?"

हरणाबाईनं मान वळवून माजघराकडं बघितलं.

"हाय," ती म्हणाली. "शिंक्यात हाय."