सर्जाने ऐकलेली सतरा मिनिटं

माझी आवडती रेकॉर्ड आजवर दोघांनीच सबंध ऐकली आहे: एक माझी बायको आणि दुसरा माझ्या सासऱ्यांचा बैल.

रेकॉर्ड पंक रॉकची. आठ गाणी, सतरा मिनिटं! (आमच्याकडे एवढ्या वेळात पाहुण्यांची ख्यालीखुशालीही संपत नाही.) चार पोरं जीव खाऊन वाजवतात, पण त्या घाईतही गुणगुणावी अशी चाल आहे. आवाज तर असा खरखरीत की नवीन जालन्यात कॅसेटी भरून घ्यायचे माझे कॉलेजचे दिवस आठवतात. लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला, रेखाला, समोर बसवून ती ऐकवली. तिने डोळे मिटले आणि शेवटपर्यंत हलली नाही. तल्लीन झाली होती!

पुढे पोळ्याला आम्ही तिच्या माहेरी हसनाबादला गेलो. तिथे वेशीवरच्या तोरणाखालून पहिली जाते ती मामांची, म्हणजे सासऱ्यांची, बैलजोडी. मात्र दिवस मावळायच्या आत ती गेली नाही, तर मान भावकीतल्या रंगनाथरावांना! ते वर्षानुवर्षं याच आशेवर बैल रंगवत आले आहेत.

आणि नेमकी वाजंत्र्यांची गाडी वाटेत बंद पडली.

"वाजवल्याबिगर तोरण कसं ओलांडावं?" मामा रडकुंडीला आले.

मी छाती काढून पुढे झालो. "मामा, माझ्याकडं स्पीकर हाये."

"बराबर वाजतो का?"

"गाव हलंल!"

स्पीकर जोडीतल्या सर्जाच्या झुलीवर बांधून मी फोनवरून पहिलं गाणं लावलं. गाव हललं. सर्जा मात्र तोरणाच्या चार पावलं अलीकडे डोळे मिटून जागच्या जागी खिळला! जोडीचा राजाही थांबला.

"जावईबापू, हे काय लावलं? बंद करा जल्दी!"

"मामा, ऐकून राह्यला तो!"

मामांनी कासरा ओढला, मेहुण्याने मागून रेटलं. रंगनाथराव टाचा उंचावून सूर्याकडे पाहू लागले. खरं तर फोन माझ्या खिशातच होता. पण पाचवं गाणं लागलं होतं हो, सगळ्यांत गोड! ते मध्येच तोडायचं? तेही असा रसिक मिळालेला असताना?

"मामा, सहाच मिनिटं राह्यली!"

"मंग दिवसाला थांबाया सांगा!" मामा कडाडले.

आठवं गाणं संपलं तेव्हा सूर्य नखाएवढा उरला होता. सर्जाने डोळे उघडले, अंग झटकलं आणि आपणहून तोरणाखालून निघून गेला. मामांचा मान वाचला. माझे डोळे भरून आले.

"पाह्यलं का मामा? सबंध ऐकलं त्यानं! जाण हाये त्याला!"

मामांनी घाम पुसला. "कशाची जाण! डॉक्टर इंजेक्शन देतो तवाबी तो असाच उभा ऱ्हातो. डोळे मिटून, संपस्तोवर."

मी रेखाकडे पाहिलं. ती एकाएकी ओवाळणीच्या ताटातलं कुंकू नीट करू लागली.

तेव्हापासून ती रेकॉर्ड मी एकटाच ऐकतो. डोळे मात्र सताड उघडे ठेवून!