मामाची मांडी

हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापाशी आला आणि पुढे गेला. मधल्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. कर्जतला, तिच्या सासरी. दुष्काळाचं वर्ष, तरी घर भरलेलं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायांना कुंकू लागलं. मला तिची सासू म्हणाली, "तू दाराशी बस. बाळावर तुझी सावली नको."

मी दाराशी जाऊन बसले. माझी आई माझ्या रिकाम्या जागेवर सरकली.

माझ्या मुलाचा गुडघा सुजून कायमचा वाकला होता. लोक म्हणायचे, माझंच पाप. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. याचं रक्त लवकर गोठत नाही. जन्माचा आजार आहे, आईकडून मुलाला येतो. सुई टोचू नका, दात उपटू नका. बहिणींनाही सांगून ठेवा.

मुलगा कण्हला की मला 'आईकडून' एवढंच ऐकू यायचं. बहिणींना मी सांगितलं नाही. आईने पाय धरले होते. माझे दोन भाऊ असेच गेले, हे तिने मला तेव्हा प्रथम सांगितलं. गावाला तिने ताप सांगितला होता. घरात तीन मुली, लग्नं व्हायची होती. माझ्या मुलाचे कान टोचले तेव्हाही ती समोर बसून गप्प होती.

बाळाचे कान टोचायला सोनार आला. सोन्याची तार काढून त्याने हळदीत बुडवली.

आई माझ्याजवळ सरकली. "गप ऱ्हा. धाकटीचं जमत आलंय."

"आन पोराला काय झालं तर?"

"समद्यांनाच हुतं असं न्हाई."

ते खरं होतं. म्हणूनच मी बसून राहिले.

सोनाराने इकडेतिकडे पाहिलं. भाच्याला मांडीवर घेऊन कान टोचायचा मान मामाचा. "मामा कुठं दडलाय? आहेर चुकवतोय व्हय?"

बाया हसल्या. आईने मान खाली घातली.

मी उठले. म्हणाले, "मामा दोन हुते. एकाचे कान टोचले, रक्त थांबलं न्हाई. दुसऱ्याचा दात पडला, तवा बी थांबलं न्हाई. दोघं गेले. माझ्या पोराला तेच हाय. याला टोचू नका."

बाळ मी सोनारापुढून उचललं. त्याने तार पुसून डबीत ठेवली.

सासू आईकडे वळली. "नासकं रक्त आमच्या घरात दिलंस व्हय गं?"

तिने बहिणीला बाळासकट घालवून दिलं. संध्याकाळच्या एसटीने माहेरी मिरजगावला आम्ही चौघं परतलो. आई, मी, बहीण, तिच्या मांडीवर बाळ. बहीण खिडकीकडे तोंड करून होती. एकदाच बोलली. "तुझं बरंय, आक्का. तू बोलून मोकळी झालीस."

धाकटीचं मोडलं. बाळाला आजार आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नसला तर मी मधलीचं घर फुकट मोडलं होतं. हे ओझं माझं आहे. कुणी ते हलकं करू नये.

मावशी आईची सख्खी बहीण, रक्त तेच. तिच्या मुलीला सातवा महिना होता. मावशीने निरोप धाडला: आमच्याकडे फिरकू नको.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने मावशीकडे निघाले. दाराशी बसवतील, हे ठाऊक होतं. तिथूनच बोलायचं ठरवलं. आतल्या खोलीत तिच्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.