ताटाखालचा बोगदा

"बाबा, चीटिंग! तुझी बोटं आईच्या साइडला आहेत. मी बघितली, मी बघितली."

आमची बारा वर्षांची लेक अशी ओरडली की अल खौदमधल्या आमच्या बिल्डिंगचे सगळे एसी क्षणभर गप्प झाले असावेत.

मी बोटं बाहेर काढली नाहीत. काढवली नाहीत. का, ते सांगतो, पण आधी ताटाचं ऐका.

ते ताट मी सीबच्या जुन्या बाजारातून आणलं. एवढं मोठं, की टॅक्सीवाल्याने आधी ताट बसवलं आणि उरलेल्या जागेत मला कोंबलं. आमचे समोरचे ओमानी शेजारी सगळे एकाच ताटाभोवती बसतात. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं, हा त्यांचा शिरस्ता. डॉक्टरांनी माझी साखर बघून भात निम्मा करायला सांगितला, तेव्हा बायकोने तो शिरस्ता उचलला. शुक्रवारी दुपारी ताटात भात पसरायचा, डावाच्या दांड्याने रेघा ओढून तीन वाटे करायचे. लेकीचा बऱ्यापैकी, बायकोचा बऱ्यापैकी, माझा चिमणीच्या पिल्लाला घालतात तेवढा. वर सुरमईचं कालवण. नियमाला शेपूट जोडलं ते मी, आणि तेही छाती काढून: आपला वाटा प्रत्येकाने संपवायचा, ताटात शीत उरता कामा नये. चिमणीचा वाटा संपवायला मला कितीसा वेळ लागणार होता?

पहिल्याच शुक्रवारी मी खोदकाम काढलं. वरून भात जसाच्या तसा, खालून बोटं सरकत सरकत बायकोच्या वाट्यात. कोकणात रेल्वेसाठी ज्यांनी डोंगर पोखरले, त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावावी असा बोगदा. लेक पंच म्हणून डोळे वटारून बसलेली, तिला पत्ता नाही. आणि भात यायचा तो कसा! दोन घास चोरायला जावं तर सहा हाताला लागायचे. चार शुक्रवार मी स्वतःच्या कसबावर खूश होतो. कामावर सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्याकडचा भात ताटातच पुन्हा उगवतो. सगळे हसले. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, तेवढा हसला नाही. "घर में सब लोग खाता है ना?" एवढंच म्हणाला आणि गाडीकडे गेला.

जेवायच्या आधी तिघांनी वजन करायचं, हाही नियमच. माझा आकडा चढायचा, बायकोचा उतरायचा. बिल्डिंगमधल्या बायका तिला डाएट विचारायला येऊ लागल्या. "कमी जेवते," ती म्हणायची. मी लेकीला सांगायचो, बघ, जिभेवर ताबा म्हणतात तो हा. तिने सगळे ड्रेस दोनदा आत घेतले, मी म्हणालो, हिरॉइन झालीस. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत धावायच्या, त्याचीही मी चेष्टा केली. जेवताना ती तांब्या शेजारी घेऊन बसायला कधी लागली, ते मात्र मला आठवत नाही. एक घास, दोन घोट पाणी. मग नुसतंच पाणी.

माझ्या गोष्टींतलं निम्मं तुम्ही सोडून देता, मला ठाऊक आहे. पुढचं सोडू नका.

त्या शुक्रवारी माझी बोटं बोगद्यात शिरली आणि रेघेच्या बरोबर खाली दुसऱ्या बोटांना लागली. एवढ्या कढत भातात गार. काटक्यांसारखी. ती माझ्याच दिशेने येत होती, समोर भाताचा गोळा ढकलत.

नेमकी तेव्हा लेक ओरडली.

मी बायकोकडे पाहिलं. ती लेकीकडे पाहत होती आणि तिचं तोंड चावल्यासारखं हलत होतं. तोंडात काही नव्हतं.

"चोरला," मी म्हणालो. "कबूल. खलास."

लेकीने हात वर करून ताटाभोवती एक फेरी मारली आणि हात धुवायला गेली. "नेक्स्ट फ्रायडे मी लाइन नाही, वॉल बांधणार आहे," बेसिनपाशी तिचं चालूच होतं.

नळ सुरू झाला तसा मी विचारलं, "अगं, कधीपासून?"

"तुमचा रिपोर्ट आला त्या आठवड्यापासून. आधी चपाती अडकायची. मग भात."

"आणि बोलली नाहीस?"

"तुमचं चाललं होतं ना साखरेचं. एका वेळी किती डॉक्टर करायचे?"

माझ्यासमोर तिचा भात होता. पाच शुक्रवार तोच होता.

"मग पोटात काय घालतेस?"

तिने ताटातली रेघ बोटाने पुसली.

"पेज," ती म्हणाली. "गाळून घेते. परवापासून तीही अडकते."